भिंतीला किती तलवारी झेपतात?

जुन्या वास्तूत शस्त्रसंग्रहालय करायचे ठरले, की पहिल्या बैठकीतला पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : आपल्याकडे शस्त्रे किती आहेत? यादी येते, यादीतल्या आकड्याला दालनांच्या संख्येने भागले जाते आणि आराखडे काढायला सुरुवात होते. वास्तूचा विचार होतो तो जागा म्हणून, फार तर सुंदर पार्श्वभूमी म्हणून. संग्रहालयांतल्या धातूच्या वस्तूंचे जतन हे माझे काम, आणि या कामात राहून माझे मत नेमके उलट्या बाजूला झुकत गेले आहे. किती शस्त्रे मांडायची हा आकडा वास्तूकडून यायला हवा. तिच्या भिंती, तिची हवा, तिच्या जमिनी आणि तिचा स्वतःचा इतिहास यांना जेवढी झेपतील तेवढीच दालनात यावीत. उरलेली कितीही मौल्यवान असली तरी कोठीत राहावीत. चित्रांच्या किंवा नाण्यांच्या संग्रहालयालाही हे लागू होईलच, पण शस्त्रांच्या बाबतीत त्याला जास्त धार येते. त्याचे एक कारण लोखंडात आहे आणि दुसरे आपल्या मनात.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर उत्तर इटलीतल्या ब्रेशिया शहराचे उदाहरण फार उपयोगी पडते. मिलान आणि व्हेरोना यांच्या मधल्या या शहरावर चिदनेओ नावाची टेकडी आहे, टेकडीवर किल्ला आहे आणि किल्ल्याच्या माथ्यावर मिलानच्या विस्कोंती घराण्याने चौदाव्या शतकात उभारलेली बालेकिल्ल्याची भक्कम इमारत आहे. तिच्या पोटात त्याहून कितीतरी जुन्या रोमन मंदिराचे अवशेष आहेत. लुइजी मार्झोली या उद्योजकाने जन्मभर जमवलेला शस्त्रसंग्रह १९६५ मध्ये मृत्युपत्राने शहराला मिळाला. त्यात १०९० वस्तू होत्या. नगरपालिकेच्या संग्रहालयांकडे आधीपासून असलेल्या सुमारे ३०० बंदुका-पिस्तुले त्यात मिळवली गेली. एवढा ऐवज हाती असताना शहराने घाई केली नाही. व्हेरोनाच्या कास्तेलवेक्यो किल्ल्याचे संग्रहालय घडवणारा वास्तुविशारद कार्लो स्कार्पा याच्याकडे काम गेले, १९७८ मध्ये तो वारला, मग फ्रान्चेस्को रोवेत्ता आणि अर्रिगो रुदी यांनी ते पुढे नेले, आणि संग्रहालय उघडले १९८८ मध्ये. दालनांत मांडल्या गेल्या सुमारे ५८० वस्तू. म्हणजे निम्म्याहून जास्त संग्रह बाहेर ठेवून हे संग्रहालय उभे राहिले, आणि तरीही युरोपातल्या नावाजलेल्या शस्त्रसंग्रहांत त्याची गणना होते. आपल्याकडे मृत्युपत्राने आलेल्या संग्रहातली निम्मी शस्त्रे कोठीत ठेवण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, तर देणगीदाराच्या वारसांपासून वर्तमानपत्रांपर्यंत काय काय ऐकावे लागेल याची कल्पना करून पाहावी.

आता लोखंडाकडे येऊ. जुनी भिंत आणि जुनी तलवार यांना हवी असलेली हवा वेगवेगळी असते. पोलादाला कोरडेपणा हवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की उघड्या लोखंडावर गंज धरण्याचा वेग वाढू लागतो. आणि त्या लोखंडात घामातून, समुद्राच्या हवेतून किंवा जमिनीत पुरलेले असताना क्षार शिरलेले असतील, तर २० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय त्याला स्वस्थता नाही. भिंतीचे तसे नाही. दगड-विटांची आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि गिलाव्यातून हळूहळू बाहेर टाकते. त्या ओलीबरोबर क्षारही येतात. दालनातली हवा यंत्राने एकदम कोरडी केली, की भिंतीतले पाणी पृष्ठभागाकडे जोरात ओढले जाते, क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या पाठीमागेच बनतात आणि फुगून त्याला फोडतात. लोणा लागला म्हणतो तो हा. साध्या मिठाचे स्फटिक ७५ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेला विरघळतात आणि हवा त्याखाली आली की पुन्हा घट्ट होतात. समुद्रकाठच्या किल्ल्यात हे चक्र चालू राहिले, तर भिंतीवरचे चित्र काय आणि साधा चुना काय, काही टिकत नाही. ब्रेशियाच्या त्या इमारतीत चौदाव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत. तलवारींसाठी हवा कोरडी करायची तर चित्रे जातील आणि चित्रांसाठी ती सैल सोडायची तर तलवारी.

यात आणखी एक गुंता असतो, तो यादी पाहून कळत नाही. यादीत ‘तलवार, एक’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात तिला पोलादाचे पाते असते, सोन्याच्या तारेची कोफ्तगिरी केलेली मूठ असते, मुठीच्या आत पाते बसवायला भरलेली लाख असते आणि लाकडावर चामडे किंवा मखमल चढवलेले म्यान असते. पात्याला कोरडी हवा हवी, तर लाकूड आणि चामडे साधारण ४५ ते ५५ टक्क्यांत सुखी. त्याहून फार कोरड्यात ते आकसते, तडकते. मखमलीचा रंग टिकवायचा तर उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवावा लागतो, पोलादाला उजेडाचे काही देणेघेणे नसते. म्यान आणि पाते एकाच पेटीत शेजारी ठेवायचे तर दोघांनाही थोडे थोडे सोसायला लावणारा मधला आकडा काढावा लागतो. ही तडजोड वस्तू पाहून, तिची आजची स्थिती तपासून, एकेकीपुरती करायची असते. घाऊक करता येत नाही.

यावर ताबडतोब येणारा आक्षेप असा, की आजच्या तंत्रज्ञानाच्या काळात हे रडगाणे कशाला? सगळ्या इमारतीला वातानुकूलन बसवा, प्रश्न मिटला. मिटत नाही. एक तर वर सांगितल्याप्रमाणे ते भिंतीलाच घातक. दुसरे, यंत्र बसवायचे तर नळ्यांना वाट हवी, वाट हवी म्हणजे जुन्या भिंती फोडणे आले, खिडक्या-झरोके बुजवणे आले, आणि जी वास्तू वाचवायला निघालो तिलाच भोके पाडत बसणे आले. आणि तिसरे, वीज जाते. दिवसा थंड-कोरडी आणि रात्री दमट अशी हेलकावे खाणारी हवा ही एकसारख्या दमट हवेपेक्षा वाईट ठरू शकते, हे जतनाच्या कामातल्या कोणालाही विचारावे. म्हणून उपाय उरतो तो पेटीपुरत्या हवेचा : दालन वास्तूच्या कलाने श्वास घेऊ द्यायचे आणि कोरडेपणा काचेच्या घट्ट पेटीत, सिलिका जेलच्या मदतीने राखायचा. पण घट्ट पेटीचे पथ्य कडक असते. आत प्लायवुड वापरले, की त्यातून आणि त्याच्या डिंकातून निघणारी आम्ले बंद हवेत साठतात. शिशाच्या गोळ्यांवर पांढरी बुकटी धरते, पात्यावर डाग उमटतात. लोकरीचे कापड खाली अंथरले तर त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. पेटीत जाणारे प्रत्येक लाकूड, कापड, रंग आणि गोंद आधी धातूच्या तुकड्यांशेजारी बंद करून, ऊब देऊन पारखावा लागतो. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७०च्या दशकात रूढ केलेली ही चाचणी जगभर वापरतात. अशी एक पेटी महाग पडते, आणि बसवल्यानंतरही तिचे जेल बदलणे, आतला आर्द्रतामापक पाहणे हे काम कायमचे मागे लागते. आकडा वास्तूने ठरवावा असे म्हणतो त्यात हा हिशेबही आला : भिंतीला धक्का न लावता, जमिनीवर झेपेल एवढे वजन ठेवून अशा किती पेट्या उभ्या राहू शकतात, आणि आहेत त्या माणसांकडून त्यांतल्या किती सांभाळल्या जातील.

हा हिशेब चुकला की पहिला बळी जातो तो पृष्ठभागाचा. भिंतीवर शेकडो पाती उघडी टांगली, की ती गंजणारच. गंजली की वरिष्ठांच्या भेटीआधी ती चकचकीत करायला कोणीतरी पितळ घासायचे पॉलिश आणि चिंधी घेऊन बसणारच. जुन्या दमास्की पोलादावरची लाटांसारखी नक्षी पात्याच्या अगदी वरच्या थरात दिसते. घासून घासून ती फिकट होते आणि कोफ्तगिरीतली सोन्याची तार उचकटते. युरोपातही कित्येक चिलखते मुळात निळसर किंवा तांबूस रंगवलेली होती. पिढ्यानुपिढ्या घासून ती चांदीसारखी पांढरी झाली, आणि चकाकत्या चिलखतातला सरदार ही आपल्या डोक्यातली प्रतिमा बऱ्याच अंशी या घासकामातून आलेली आहे. मोजक्या वस्तूंना पातळ मेणाचा हात देऊन, हातमोजे घालून हाताळून शंभर वर्षे जपता येते. हजारांना ते करायला कुठल्याच संग्रहालयाकडे माणसे नसतात.

दुसरे कारण मनातले, असे म्हणालो ते आता सांगतो. किल्ल्यात शस्त्रे मांडली की पाहणाऱ्याच्या मनात दोहोंचा संसार आपोआप जुळतो : ही तलवार याच तटावर चालली असणार. बहुतेक वेळा हे खोटे असते. ब्रेशियाची शस्त्रे त्या किल्ल्याची नाहीत, ती एका विसाव्या शतकातल्या उद्योजकाने बाजारातून निवडून घेतलेली आहेत. किल्ल्याचा स्वतःचा इतिहास वेगळाच आणि अवघडही आहे. मार्च १८४९ मध्ये शहर ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध उठले आणि दहा दिवस लढले, तेव्हा याच किल्ल्यातल्या ऑस्ट्रियन शिबंदीने खालच्या शहरावर तोफा डागल्या होत्या. म्हणजे ज्या वास्तूत आज माणसे कारागिरीचे कौतुक करत फिरतात, ती वास्तू स्वतःच्याच गावावर चाललेली आहे. सगळ्या भिंती शस्त्रांनी भरून टाकल्या तर हे ऐकू येणार नाही. स्वातंत्र्यलढ्याची ती कथा किल्ल्यातच, पण शहरावर व्हेनिसची सत्ता असतानाच्या धान्यकोठाराच्या इमारतीत, निराळी सांगितलेली आहे, आणि बालेकिल्ल्यात शस्त्रांच्या मधून रोमन दगड डोके वर काढू दिलेले आहेत. वास्तूला तिची जागा सोडली, तरच हे साधते.

लंडनच्या ‘टॉवर’ या किल्ल्याने याच्या उलटे करून पाहिले होते. ‘राजांची रांग’ या नावाने तिथे सतराव्या शतकापासून लाकडी घोड्यांवर चिलखते चढवून इंग्लंडचे राजे ओळीने बसवले होते, आणि त्यांत अकराव्या शतकातल्या विल्यमलाही कित्येक शतकांनंतरचे चिलखत घातलेले होते. वास्तू खरी, चिलखत खरे, आणि दोन्ही मिळून सांगितलेली गोष्ट खोटी. सॅम्युअल मेरिक या अभ्यासकाने १८२०च्या दशकात ती रांग कालानुक्रमे लावायला घेतली, तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोक ते पाहून गेले होते. इमारतीचा दरारा वस्तूला उसना मिळतो, म्हणून किल्ल्यातल्या पाटीवर जास्त जबाबदारी येते. मार्झोली संग्रहाचे ब्रेशियाशी खरे नाते कोणते म्हणाल, तर ते घडवण्याचे आहे. जवळच्या व्हाल त्रोंपिया खोऱ्यात लोखंडाच्या खाणी होत्या, भट्ट्या होत्या, गार्दोने गावी नळ्या घडत. व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ बंदूकनळ्या पुरवल्याबद्दलचा बेरेटा घराण्याचा कागद १५२६ सालचा आहे. तिथल्या लाझारिनो कोमिनात्सोचे नाव नळीवर असले की भाव वाढे, म्हणून ते नाव परक्या कारखान्यांतही सर्रास ठोकले जाई. आपल्या दख्खनेतल्या फिरंग तलवारी पाहिलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल : युरोपातून आलेली पाती इथल्या मुठींत बसली आणि आंद्रेया फेरारासारख्या पातेकारांची नावे त्यांना कधी न पाहिलेल्यांनीही पात्यांवर कोरली. या गोष्टी सांगायला एक नळी, तिच्यावरचा ठसा नीट दिसेल असा उजेड आणि चार ओळी लागतात. तीच नळी तीस नळ्यांच्या पंख्यात टांगली, की ती सजावट होते.

गर्दीच्या मांडणीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि त्यासाठी ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहराचा दाखला दिला जातो. तिथल्या शस्त्रागारात सुमारे ३२,००० वस्तू लाकडी घडवंच्यांवर, छतापासून जमिनीपर्यंत खेटून ठेवलेल्या आहेत, आणि तो देखावा छाती दडपून टाकणारा आहे हे मान्यच करायला हवे. पण ती इमारत सतराव्या शतकात, १६४०च्या दशकात, तुर्कांच्या स्वाऱ्यांना तोंड देणाऱ्या प्रांताचे कोठार म्हणूनच बांधली गेली. ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिने १७४९ मध्ये सैन्याची फेररचना करताना ती मोडीत काढायचे योजले, तेव्हा प्रांताच्या प्रतिनिधींनी ते पूर्वजांचे स्मारक म्हणून राखण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. तिथे खेटून ठेवणे हीच त्या वास्तूची मूळ रीत. संख्या कमी केली असती तर वास्तू खोटी ठरली असती. म्हणजे ग्रात्सही माझ्याच बाजूने साक्ष देते : आकडा वास्तूनेच ठरवला, फक्त तिथे तो मोठा निघाला. तंजावरच्या भोसल्यांचा सिलेखाना जिथल्या तिथे राहिला असता, तर आपल्याकडेही असे एक ठिकाण असते. १८५५ मध्ये राजा वारसाविना गेला, शस्त्रे इंग्रजांनी मद्रासला नेली, त्यांतली निवडक तिथल्या संग्रहालयात राहिली आणि बाकीचा ढीग मोडून धातूच्या भावाने विकला गेला.

राहिला तो कोठीचा आक्षेप, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार. लोकांचा वारसा कुलपात ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? कोठ्यांचा आपला अनुभव पाहता हा संशय रास्त आहे. कित्येक ठिकाणी कोठी म्हणजे गळके छप्पर आणि हरवलेल्या किल्ल्या. त्यावर उत्तर आहे ते कोठी सुधारण्याचे : नोंद, छायाचित्र, आर्द्रतेची निगा, अभ्यासकाला दिवस ठरवून प्रवेश, आणि दालनातल्या वस्तूंची आलटून पालटून मांडणी. वाईट कोठी आहे म्हणून दालन कोंबणे हे उत्तर नव्हे. त्याने फक्त गंज लोकांसमोर चढतो. आणि कमी वस्तूंना लोक येत नाहीत हेही खरे नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्याला उसनी आलेली वाघनखे म्हणजे तळहातात मावेल एवढी वस्तू, आणि ती पाहायला रांगा लागल्या. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती. अफझलखानाच्या वधात वापरली ती हीच, याला पुरावा नाही असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. तरीही लोक आले. मग जुन्या वास्तूंचा नाद सोडून नवी इमारतच का बांधू नये, असेही कोणी म्हणेल. टॉवरमधला मोठा संग्रह लीड्स शहरात १९९६ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीत गेला, तो याच विचाराने, आणि मोठ्या संग्रहासाठी तो निर्णय योग्यच होता. गंमत म्हणजे त्या नव्या इमारतीतही जिन्याभोवती सुमारे अडीच हजार वस्तूंची भिंत सजवलीच. मोह वास्तूत नसतो, तो आपल्यातच असतो.

जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, सिंधुदुर्ग, जिंजी यांसह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. आता किल्ल्यांवर आणि पायथ्याच्या वाड्यांत शस्त्रसंग्रहालये हवीत, ही मागणी वाढत जाणार आणि ती चुकीची नाही. पण ब्रेशियाचे हवामान आपल्याकडे नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे महिने आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते, आणि दुरुस्तीच्या नावाखाली चुन्याच्या भिंतींवर सिमेंट फासण्याची आपली सवय ओल आतच कोंडून ठेवते. म्हणून अशा कामाचा आराखडा लोकांपुढे येईल तेव्हा त्यातली चकचकीत चित्रे बाजूला ठेवून तीन कागद मागावेत : वर्षभर, निदान एक अख्खा पावसाळा, त्या वास्तूत घेतलेल्या आर्द्रतेच्या नोंदी, पेट्या आणि कोठी सांभाळणाऱ्या माणसांच्या पगाराची दहा वर्षांची तरतूद, आणि दालनात न मांडायच्या शस्त्रांची यादी, कारणांसह. हा तिसरा कागद नसेल, तर तो आराखडा मंजूर करू नये.